घोडीच्या तोंडात पेढा

परवा दांडिया बाजारात एका लग्नाचा वरघोडा निघाला. घोडी चार वाजल्यापासून उभी. जो येईल तो तिच्या तोंडात पेढा, लाडू, भिजवलेली चणाडाळ कोंबतोय, वर फोटो. मी अडवलं तर मुलाची आत्या म्हणते, "अहो, पुण्य मिळतं!"

आमचे आजोबा सरकारी पागेत कारकून होते. त्यांचं एकच: आधी पाणी, मग वैरण, शेवटी चंदी. का, ते मला फार उशिरा कळलं. घोड्याचं अंग एवढं मोठं, पण जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं, आणि त्याला ओकता येत नाही. डाळ नि गोड जास्त झालं की पुढे आतड्यात आंबतं, पोटशूळ उठतो, जनावर दगावतंसुद्धा. ३०० किलोच्या घोडीला रोज निदान पाच-सहा किलो सुकं गवत लागतं. ते त्या मांडवात काडीभर नव्हतं!

घोडेवाल्याला काय बोलणार? यजमानापुढे त्याचं तोंड बंदच. तेव्हा घोडी ठरवतानाच आपण गवताची पेंढी नि पाण्याची बादली सांगून ठेवायची. पेढे पाहुण्यांना द्या.