दुखायचं थांबलं म्हणून दाढ बरी झाली असं नाही

मंद्रूप आणि आसपासच्या गावांतल्या आईबापांना ही कळकळीची विनंती. मुलाची दाढ चार दिवस ठणकते, आपण लवंग दाबतो, मेडिकलमधून गोळी आणतो, आणि एके दिवशी दुखणं आपोआप थांबतं. घर निश्चिंत होतं. दवाखाना गाठायची वेळ मात्र हीच असते.

दुखणं थांबतं ते पुष्कळदा दातातली नस मेल्यामुळे. मग जंतू मुळाच्या टोकातून जबड्यात उतरतात आणि तिथलं हाड विरघळू लागतं. एक्स-रेत मुळाशी काळा डाग दिसतो, पण हाड बरंच झिजल्याशिवाय तोही दिसत नाही. हिरडीवर पुळी फुटून पू वाहू लागला की आतला दाब उतरतो, मूल तक्रारच करत नाही. कधी हा पू हनुवटीवर नाहीतर गालावर फुटतो आणि घरचे त्याला साधा फोड समजून मलम लावत बसतात.

सर्वांत जास्त घात होतो तो सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेचा. ती दुधाच्या दाढांच्या मागे येते, तिच्यासाठी एकही दात पडत नाही. म्हणून "दुधाचीच आहे, पडेल" असं म्हणून ती किडू दिली जाते. ती कायमची दाढ आहे. गेली की दुसरी येत नाही.

या दाढेचं मूळ पुरतं तयार व्हायला दात आल्यावर जवळजवळ तीन वर्षं लागतात. तोवर टोक उघडं असतं. नस थोडी जरी जिवंत असली तरी डॉक्टर वरचा सडका भाग काढून, औषध भरून खालचं मूळ वाढू देतात. नस पूर्ण मेली असेल तर उघडं टोक खास औषधाने बंद करून रूट कॅनॉल करावं लागतं. काम जास्त, फेऱ्याही जास्त. लवकर जाण्याचा फायदा तो हाच.

नुसत्या अँटिबायोटिकने हे बरं होत नाही. मेलेल्या दातात रक्त पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? दाढेवर मिश्री किंवा तंबाखू तर मुळीच नको. दाताच्या इलाजाने नजर जाते, ही भीतीही मनातून काढा. खेळताना पुढच्या दाताला मार लागून तो काही महिन्यांनी काळसर पडला, तरी दाखवा. न दुखणारा दातही आतून मेलेला असू शकतो.

गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास लागतोय, असं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच सोलापूरचं सिव्हिल गाठा.

एरवी आधी मंद्रूपच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत, अंगणवाडीत येतं. ते दातही तपासतं, पुढे पाठवायची चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी दप्तरातच राहू देऊ नका.

रूट कॅनॉल झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा दाढेवर कॅप बसवून घ्या, नाहीतर ती तडकते. आणि वर्षभराने पुन्हा एक्स-रे काढा. चांगल्या इलाजानंतर त्या काळ्या डागाच्या जागी हाड हळूहळू भरतं, पण ते भरलं की नाही हे दोन्ही फिल्म शेजारी ठेवल्याशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही. तेव्हा पहिली फिल्म रेशन कार्डाबरोबर जपून ठेवा.