तात्यांचा अंगठा
बिडी-सिगारेट म्हटलं की डोळ्यांसमोर काळवंडलेली फुप्फुसं येतात. मला आमच्या तात्यांच्या उजव्या पायाचा अंगठा आठवतो. वय चाळीसही नव्हतं. आधी चालताना पोटरी भरून यायची, मग बसल्या जागीही पाऊल ठणकायला लागलं; रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडला की तेवढंच बरं वाटायचं. अंगठा निळा पडला, मग कोळशासारखा काळा. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर या डॉक्टरांनी १९०८ मध्ये या दुखण्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून तो बर्गरचा रोग. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या अडकतात आणि पुढे रक्तच पोचत नाही. तो जवळजवळ फक्त तंबाखूवाल्यांनाच गाठतो, तेही ऐन कमावत्या वयात. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. म्हणजे जे थोडं रक्त पोचतं, त्यातही प्राणवायू कमीच. औषधांनी वेदना कमी होतील, पण रोग थांबायचा तर तंबाखू पूर्ण सुटावी लागते. ‘दिवसाला दोनच’ ही सवलत इथे नाही. तात्यांनी बिडीचं बंडल टाकलं ते अंगठा कापल्यावर. डावा पाय तेवढा वाचला.