प्राप्तिकराचे विवरणपत्र चव्हाट्यावर आणावे काय?

गेल्या पंधरवड्यात जोहरच्या नमाजनंतर आमच्या पेढीवर चहा चालू असताना एक विषय निघाला. आमच्याच मोहल्ल्यातला एक तरुण सीए म्हणाला, देशातील प्रत्येक माणसाचे प्राप्तिकराचे विवरणपत्र, ज्याला आपण रिटर्न म्हणतो ते, सर्वांना पाहता येईल असे सरकारने करून टाकावे. शेजारी पाहतोय म्हटल्यावर करचोरी आपोआप थांबेल. नॉर्वेमध्ये असेच आहे, असेही त्याने सांगितले. बसलेल्या सहा-सात व्यापाऱ्यांपैकी चौघांनी एकदम तौबा केली. एक हाजीसाहेब मात्र म्हणाले, "का नको? मराठीत म्हणच आहे, कर नाही त्याला डर कशाला!"

आम्ही त्या दिवशी गप्प राहिलो. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, कायद्याची भाषा आम्हाला दोनदा वाचल्याशिवाय उमगत नाही. चार दिवस वाचले, त्या सीएला पुन्हा बोलावून विचारले आणि मग हे लिहायला बसलो. हाजीसाहेबांची म्हण आम्हाला उलटी वाटते. आपल्या बाजारात ज्याने कर भरला, त्यालाच जास्त डर आहे.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. 1995 च्या सुमाराची गोष्ट. अब्बा हयात होते, मालेगावात आमचे सुताचे व कच्च्या कापडाचे दुकान होते. चार माग वाढवायचे म्हणून बँकेचे कर्ज हवे होते आणि बँकेला रिटर्न हवे होते. अब्बांनी त्या वर्षी पहिल्यांदा एकेक गोष्ट नोंदवून, सगळा नफा दाखवून रिटर्न भरले. ते कागद ज्या कार्यालयांतून गेले, त्यांपैकी कुठल्या तरी टेबलावरून आकडा बाहेर पडला. कोणी फोडला ते आम्हाला आजतागायत समजले नाही. आठ दिवसांत सगळ्या सूत बाजाराला तो पाठ झाला होता. ज्या सूतवाल्याकडे आमची महिन्याची उधारी चालायची, तो म्हणाला, "सेठ, आपल्याकडे एवढे आहे तर रोख द्या ना." पालीचा कापड घेणारा म्हणाला, एवढा नफा सुटतो तर भाव उतरवा. एका मंडळीने वर्गणीचा आकडा दुप्पट करून पावती आधीच फाडून आणली, आणि ती मंडळी नको म्हणण्यासारखी नव्हती. घरात तर विचारूच नका. धंद्यात पैसा गुंतलेला असतो, सुतात आणि उधारीत अडकलेला असतो, हे नातेवाइकांना कोण समजावणार? अब्बांनी कर्ज घेतले, माग बसवले, पण पुढची दोन वर्षे रिटर्नमधला आकडा त्यांनी खाली आणला. ते चूक होते. आम्ही त्याचे समर्थन करत नाही. पण इमानदारीने भरलेला एक आकडा फुटला, म्हणून पुढचे दोन आकडे खोटे झाले, हा हिशेब आम्ही आमच्या घरात पाहिला आहे.

आता नॉर्वेचे. तिथे खरोखरच कराच्या याद्या लोकांना पाहता येतात आणि ही पद्धत फार जुनी आहे. पण तरुण सीएच्या बोलण्यात एक गफलत होती. तिथेही संपूर्ण रिटर्न उघडे नसते. निव्वळ उत्पन्न, मालमत्ता आणि बसलेला कर एवढेच आकडे दिसतात. कोणाकडून माल घेतला, कोणाला विकला, किती देणे आहे, हे दिसत नाही. 2001 मध्ये तिथल्या वृत्तपत्रांनी या याद्या इंटरनेटवर टाकल्या आणि घरबसल्या सगळा देश एकमेकांची मिळकत पाहू लागला. अभ्यासकांनी नंतर तपासले तेव्हा जिथे पूर्वी याद्या सहज मिळत नव्हत्या, तिथल्या धंदेवाल्यांनी दाखवलेले उत्पन्न सरासरी 3 टक्क्यांच्या आसपास वाढल्याचे आढळले. हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या एका अभ्यासात असेही आढळले की श्रीमंत आणि गरीब यांच्या समाधानातील अंतर त्या काळात वाढले. म्हणजे ज्याच्याकडे कमी होते, त्याला आपले कमी जास्त बोचू लागले. 2014 पासून तिथे नियम झाला की कोणी तुमचा आकडा पाहिला तर त्याचे नाव तुम्हाला कळते. त्याबरोबर पाहणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली! ज्यांना दुसऱ्याचा हिशेब पाहायचा होता, त्यांना आपण पाहतो हे उघड व्हायला नको होते.

पाकिस्ताननेही 2014 मध्ये करदात्यांची नावे व भरलेला कर छापायला सुरुवात केली. तिथे धंदेवाल्यांनी भरलेला कर सुमारे 9 टक्क्यांनी वाढल्याचे अभ्यासकांनी म्हटले आहे. याउलट जपानचा अनुभव पाहावा. तिथे 1950 पासून मोठ्या करदात्यांची नावे कर कार्यालयात लावली जात. पुढे 1 कोटी येनहून अधिक कर भरणाऱ्यांची यादी निघू लागली. झाले काय, तर त्या रेषेच्या जवळ येणारे कित्येक जण उत्पन्न थोडे कमी दाखवून यादीतून निसटू लागले. 2005 मध्ये शेवटची यादी लागली आणि ती प्रथा बंद झाली. आमच्या अब्बांनी जे केले, तेच जपानच्या धनिकांनी केले होते म्हणायचे.

आपल्या देशात कायदा रिटर्न गुप्त ठेवतो. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 138 अन्वये जनहित असेल तरच अधिकारी माहिती देऊ शकत. 2025 मध्ये संसदेने नवा कायदा केला, त्यातही धोरण हेच राहिले. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्राप्तिकराचे विवरणपत्र ही व्यक्तिगत माहिती आहे आणि व्यापक जनहित दाखवल्याखेरीज ती माहितीच्या अधिकाराखाली मागता येणार नाही. (गुप्ततेचा सर्वांत मोठा लाभ मात्र कोणाला झाला, तर 1997 च्या स्वेच्छा घोषणा योजनेत ज्यांनी वर्षानुवर्षे लपवलेले उत्पन्न एकदम कबूल केले त्यांना. सरकारला सुमारे 10 हजार कोटींचा कर मिळाला आणि त्यांना नाव न फुटण्याची हमी. ज्यांनी आधीपासून सरळ भरला होता ते आमच्यासारखे बघत राहिले.)

हे झाले कायद्याचे. यंत्रमागवाल्यांच्या गल्लीत ही याद्यांची पद्धत आली तर काय दिसेल, ते आता पाहू. आपल्यातले बहुतेक छोटे मागवाले अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरतात. 2 कोटींपर्यंतची उलाढाल असेल आणि पैसे बँकेतून आले असतील तर त्याच्या 6 टक्के, रोखीने आले असतील तर 8 टक्के उत्पन्न धरायचे, वह्या तपासायला द्यायच्या नाहीत. हा कायद्याने ठरवून दिलेला अंदाज आहे. त्या वर्षी सूत वर गेले आणि कापड खाली आले, माणूस बुडाला, तरी रिटर्नमध्ये बहुधा 6 टक्के नफाच दिसणार. ज्याला खरोखर 15 टक्के सुटले, त्याचेही बहुतेक वेळा 6 टक्केच दिसतात. असा आकडा भिंतीवर लावून शेजाऱ्याला काय कळणार?

याहून आम्हाला दुसऱ्या गोष्टीची चिंता आहे. 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करात पूर्ण सूट आहे. म्हणजे मागवाला, रंगारी, शिंपी, छोटा दुकानदार या सर्वांच्या नावापुढे शून्य लागणार. मोहल्लेच्या मोहल्ले शून्य. दुसऱ्या वस्त्यांतही असेच शून्य असेल, पण कोणती यादी फिरवली जाईल आणि खाली काय लिहिले जाईल, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. "हे लोक कर भरत नाहीत" हे वाक्य आम्ही रेल्वेच्या डब्यात ऐकले आहे, सरकारी कचेरीतही ऐकले आहे. सुताच्या प्रत्येक गोणीवर हाच मागवाला जीएसटी भरतो, विजेवर, डिझेलवर वेगळे कर भरतो, ते त्या यादीत कुठेच येणार नाही.

एवढे लिहिल्यावर वाचक म्हणतील, म्हणजे सर्व काही झाकूनच ठेवावे. तसे नाही. याबाबतीत आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. 2018-19 मध्ये एका सूत विक्रेत्याकडून आम्ही माल घेतला. बिल पक्के, जीएसटी लावलेला, पैसे धनादेशाने दिलेले. पठ्ठ्याने आमच्याकडून घेतलेला कर सरकारात भरलाच नाही. वर्षभराने आम्हाला नोटीस आली आणि तोच कर आम्ही व्याजासह दुसऱ्यांदा भरला. तेव्हापासून आमचा मुनीम नवी पार्टी आली की आधी तिचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून पाहतो. तिथे कोणालाही नाव दिसते, नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते दिसते आणि कोणत्या महिन्याचे रिटर्न कोणत्या तारखेला भरले ते दिसते. रिटर्नमधला आकडा एकही दिसत नाही. व्यापाऱ्याला एवढेच हवे असते. समोरचा किती कमावतो याच्याशी आमचे घेणे नाही. तो वेळेवर हिशेब देणारा आहे की नाही, हे आम्हाला माल गाडीत चढण्यापूर्वी कळले पाहिजे. सूरतेचा दलाल दोन महिन्यांची उधारी मागतो तेव्हा त्याने मागील तीन वर्षे प्राप्तिकराचे रिटर्न भरले की नाही, एवढे 'हो' किंवा 'नाही' मध्ये दिसले असते, तर आपल्या शहरातल्या कित्येकांचे कापड बुडाले नसते.

तेव्हा आमचे मत असे की व्यापारी-कारागिराचे रिटर्न भरले गेले की नाही आणि कधी, हे उघड असावे. आकडा त्याचा, सरकारचा आणि ज्याच्याकडे तो कर्ज मागायला जातो त्याचा. कुरआनमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. साक्षीदार दोन सांगितले आहेत, सगळा बाजार गोळा करायला सांगितलेले नाही.

आकडे उघडे करायचेच असतील तर वरून सुरुवात करावी. शेअर बाजारातील कंपनी आपला ताळेबंद छापते, संचालकाला किती दिले ते छापते, आणि तिचा धंदा बुडत नाही, कारण तिने लोकांचा पैसा घेतलेला असतो. जो लोकांचा पैसा किंवा लोकांची सत्ता हाताळतो, त्याला हेच माप लावावे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 1970 साठी दोन लाख डॉलरहून अधिक उत्पन्नावर अवघे 792 डॉलर प्राप्तिकर भरल्याचे 1973 मध्ये फुटले, तेव्हापासून तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आपली रिटर्न स्वतः प्रसिद्ध करण्याचा रिवाज पडला. 2016 मध्ये ट्रम्प यांनी तो मोडला, आणि 2022 च्या डिसेंबरात संसदेच्या समितीने त्यांची रिटर्न बाहेर काढली. आपल्याकडे 2002 व 2003 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे उमेदवाराला मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि 2019 पासून लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला स्वतःचे, पत्नीचे व अवलंबितांचे मागील पाच वर्षांचे रिटर्नमधील उत्पन्न त्यात लिहावे लागते. चांगली गोष्ट आहे. पण ते निवडणुकीपुरते. निवडून आल्यावर मधल्या पाच वर्षांत काय झाले, ते पुढच्या अर्जाच्या दिवशी कळते, आणि तो उभाच राहिला नाही तर कधीच कळत नाही. हे दरवर्षी व्हावे. आणि आपल्या घरातलेही बोलून टाकतो. चंदा आणि जकात गोळा करणाऱ्या आपल्या संस्थांनी वर्षाचा हिशेब मशिदीच्या फलकावर लावला तर त्यासाठी कोणत्याही सरकारी हुकमाची वाट पाहावी लागणार नाही. देणाऱ्याचे नाव नको, आलेली आणि गेलेली रक्कम हवी.

हा मजकूर पूर्ण करून त्या तरुण सीएला वाचून दाखवला. तो म्हणाला, "चाचा, मग तुमचे रिटर्न भरल्याची पोचपावती दुकानात लावायला हरकत नसेल!" हरकत नव्हती. रकमांच्या रकान्यांवर कोरा कागद चिकटवून तिची झेरॉक्स काढली आणि गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर लावली आहे. तारीख स्वच्छ वाचता येते. पहिल्याच दिवशी एका दलालाने कागद बोटाने चाचपून पाहिला आणि खाली काय आहे म्हणून विचारले. त्याच्या पेढीचे रिटर्न भरले आहे काय, असे आम्ही विचारले, तेव्हा चहा न घेताच तो उठला.