रहस्य म्हणजे लपवाछपवी नव्हे!

"मालिकाच आहे ती, एवढं काय मनावर घेता?" हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. आमच्या जुहूत पृथ्वी थिएटर आहे. तिथे तिकीट काढून नाटक बघणारा तो रसिक, आणि घरी रात्री साडेदहाला मालिका बघणारा तो रिकामटेकडा, असं काही आहे का? रोजचा अर्धा तास आपण देतो. त्याचा हिशोब मागायला नको?

माझं भांडण आहे ते रहस्यमय पात्रांवरून. हल्ली कुठल्याही मालिकेत एक गूढ व्यक्ती आणतात. चेहरा अंधारात, नुसते पाय किंवा हात दिसणार, मागे ढॅण ढॅण संगीत. दोन-दोन महिने ताणायचं आणि शेवटी पडदा उघडला की असा कोणीतरी निघतो, ज्याचा मागमूसही आधी नव्हता. मंडळी, याला रहस्य म्हणत नाहीत. शाळेत आम्ही अवघड पेपर काढत असू, पण अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न घातला तर मुलं तक्रार करत, आणि ती बरोबरच असे. अवघड प्रश्नाचं उत्तर कळलं की मुलगा कपाळावर हात मारतो, "अरे, हे तर सुचायला हवं होतं!" प्रेक्षकाचं समाधान नेमकं हेच असतं.

आता अण्णा नाईकांचं बघा. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली सुरू झाली ती अण्णांच्या मरणापासून. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या त्या वाड्यात अण्णा नव्हते, तरी सगळीकडे तेच होते. प्रत्येकाच्या बोलण्यात वेगळे अण्णा. मग २०१९ मध्ये दुसरा भाग आला, तोही आधीच्या काळातला. म्हणजे अण्णा मरणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक! रहस्य लपवण्यातच गंमत असती, तर हा भाग कोणी बघितलाच नसता. उलट माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता घराघरात पोचली. सकाळी चौपाटीवर फिरायला येणारी आमची मंडळी गुडघेदुखी सोडून अण्णांवर बोलत.

असं का झालं? अण्णा काय करतील हे सांगता येत नसे. पण केल्यावर मात्र, "हे अण्णाच करू जाणे" असं वाटे. लोभ, संशय, बाईचा नाद आणि गावातला दरारा यातून त्यांचं सगळं वागणं निघे. त्या मनाला त्याचा असा कायदा होता. २०२१ च्या तिसऱ्या भागात अण्णा-शेवंता भुतं होऊन आले. ते मला फिके वाटले. खरी भीती वाटली ती जिवंत अण्णांची, ज्यांना काहीतरी हवं होतं आणि जे गमावायला घाबरत होते.

त्याआधी २००७ साली आलेली सतीश राजवाडेंची 'असंभव' आठवा. सुलेखाची कारस्थानं आपल्याला दिसत, शास्त्रींच्या घरातल्यांना दिसत नसत. आपल्यापासून फारसं लपवलेलं नसूनही नीलम शिर्केची नजर वळली की छातीत धस्स होई!

आपल्या कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तिथला देवचार, राखणदार बघा. त्याची हद्द ठरलेली, त्याचा मान ठरलेला. मान द्या, तो रात्री वाट दाखवील; चुकलात तर चकवील. दिसत नाही, पण नियम सोडत नाही. म्हणून तर पिढ्यानपिढ्या त्याच्या गोष्टी सांगितल्या जातात.

कोणी म्हणेल, रोज एक भाग लिहायचा म्हणजे लेखकाची ओढाताण होते, कथा वाढवावी लागते. मान्य. वाढवा की! पण पात्राचा स्वभाव मोडून नको. सोमवारी धूर्त असलेली बाई गुरुवारी केवळ कथेची सोय म्हणून मठ्ठ होते, तेव्हा तिचं गूढ संपतं आणि आमचा अपमान सुरू होतो. मालिका बघणाऱ्यांत आजी-आजोबा पुष्कळ, त्यांना काय कळतंय, असा हिशोब यामागे असावा. आम्हाला चांगलं कळतं. आम्ही रोज बघतो, म्हणून तर मागचं सगळं लक्षात असतं!

असो. पात्राविषयी सगळं सांगू नका, हरकत नाही. पण तुम्हाला स्वतःला तरी ते माहीत असू द्या. लेखकालाच ठाऊक नसलेलं रहस्य प्रेक्षकाला तिसऱ्या दिवशी ओळखू येतं.