ट्रिगरफिश आणि काचेची हद्द

खाऱ्या पाण्याची काचपेटी घरात मांडून तीत जिवंत प्रवाळ वाढविण्याचा जो छंद अलीकडे मुंबई-पुण्याच्या सुस्थित घरांतून रुजला आहे, त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे; कारण पाण्याची क्षारता, कॅल्शियमचे प्रमाण, प्रकाशाचा अवधी आणि प्रवाहाचा वेग यांचा जो मनुष्य वर्षानुवर्षे निष्ठेने सांभाळ करतो, त्याला समुद्राविषयीचे असे काही ज्ञान प्राप्त होते की जे किनाऱ्यावर सहल करून येणाऱ्याला सहसा होत नाही. परंतु या छंदात नव्याने पडलेले लोक एक प्रश्न वारंवार विचारतात, आणि तो ज्या गृहीतावर उभा आहे त्या गृहीतालाच माझा आक्षेप आहे. ट्रिगरफिश नावाचा भांडखोर मासा प्रवाळाच्या टाकीत कसा नांदवावा, हा तो प्रश्न. माझे उत्तर असे की, अशा माशांपैकी बहुतेक जाती प्रवाळाच्या टाकीत ठेवूच नयेत. आणि याचे कारण त्या माशाच्या दुष्टपणात शोधावयाचे नसून आपण त्याला जी जागा नेमून देतो तिच्या अपुरेपणात शोधावयाचे आहे.

बालिस्टिडी या कुळात सुमारे 40 जाती मोडतात. शरीर उंच व दोन्ही बाजूंनी चपटे, कातडे जाड आणि तिरक्या चौकोनी खवल्यांनी मढलेले, तोंड लहान पण जबडा असा बळकट की शंखशिंपल्यांची कवचे त्यापुढे टिकू नयेत. डोळे तोंडापासून बरेच मागे आणि उंचावर बसविलेले असून ते परस्परांपासून स्वतंत्रपणे फिरतात. पाठीवरील पहिला काटा उभा झाला की त्याच्या मागचा लहान काटा दाराच्या अडसरासारखा त्याच्या मुळाशी बसतो, आणि हा दुसरा काटा खाली गेल्यावाचून पहिला मिटत नाही. शत्रू पाठीस लागला असता किंवा रात्री विसावा घेताना हा मासा खडकाच्या कपारीत शिरतो, काटा उभारतो आणि तेथे असा घट्ट बसतो की त्याला ओढून काढणे दुरापास्त होते.

त्याच्या बुद्धीची साक्ष मात्र त्याच्या आहारात पाहावी. वाटोळ्या कवचावर सर्व बाजूंनी काटे रोखून बसणारा सी-अर्चिन हे त्याचे आवडते भक्ष्य. आणि त्यातही डायाडेमा नावाच्या अर्चिनाचे काटे इतके लांब व तीक्ष्ण असतात की इतर बहुतेक मासे त्याच्या वाटेस जात नाहीत. हान्स फ्रिके या जर्मन शास्त्रज्ञाने तांबड्या समुद्रात याच कुळातील एका निळसर माशाची रीत बारकाईने पाहिली. हा मासा तोंडातून पाण्याची जोरदार धार सोडून अर्चिनाला उलटा पाडतो आणि मग जेथे काटे आखूड असतात त्या तळाच्या बाजूने त्याचे कवच फोडतो. डोळे इतके मागे का, याचाही उलगडा येथेच होतो. तोंड काट्यांच्या रानात शिरले तरी डोळे बाहेर सुरक्षित राहतात.

आता हा मासा दुकानात कोणत्या रूपाने भेटतो ते पाहावे. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील दुकानांतून किंवा अशाच अन्य ठिकाणी क्लाउन ट्रिगरचे पिल्लू ग्राहकापुढे येते तेव्हा ते जेमतेम बोटभर असते. काळ्या अंगावर पांढरे वाटोळे ठिपके, ओठांभोवती पिवळा रंग, आणि काचेजवळ येऊन पाहणाऱ्याकडे टक लावण्याची सवय, यांमुळे त्याचा मोह पडणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु हे पिल्लू समुद्रात 50 सेंटिमीटरपर्यंत वाढते. नारिंगी रेषांचा बालिस्टापस 30 सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो, आणि टायटन ट्रिगर तर 75 सेंटिमीटरपर्यंत. घरातील चार फुटी टाकीत सुमारे 300 लिटर पाणी मावते. या दोन मापांचा मेळ कोठेही बसत नाही, आणि तो बसत नाही हे सांगण्याची तसदी विक्रीच्या क्षणी क्वचितच कोणी घेतो.

टाकीत पहिले काही महिने, कधी पहिली एक-दोन वर्षेही, शांततेत जातात, आणि त्या शांततेवर विसंबून मालक आपला निर्णय योग्य ठरला असे मानू लागतो. मग साफसफाईच्या कामी ठेवलेल्या कोळंब्या नाहीशा होतात. गोगलगायी व शंखात राहणारे खेकडे यांची रिकामी कवचे तळाशी दिसू लागतात. हे प्राणी खडकांवरचे शेवाळ आणि तळाशी पडलेले अन्न खाऊन टाकी स्वच्छ राखीत होते. ते गेल्यावर शेवाळ बळावते आणि प्रवाळाच्या कडेवर चढू लागते. मासा स्वतः भरपूर व मांसल आहार घेतो, त्याच्या मलमूत्राने पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट वाढतात, आणि ज्या प्रवाळांना अल्पपोषित, निर्मळ पाण्याची सवय असते ते हळूहळू फिके पडतात. वाळूत लपलेले भक्ष्य शोधण्यासाठी तो धार सोडतो तेव्हा उडालेली वाळू शेजारच्या प्रवाळावर बसते. खडकावर नुकताच चिकटविलेला प्रवाळाचा तुकडा तो उचलून दुसरीकडे टाकतो. पाणी गरम ठेवणाऱ्या उपकरणाची तार तो चावून पाहतो, आणि टाकीत घातलेल्या हातालाही सोडीत नाही. ज्याने प्रवाळाचा चावाही घेतला नाही अशा माशाकडून प्रवाळाचा ऱ्हास कसा होतो, हे नवशिक्याच्या ध्यानी येत नाही. कारण तो फक्त चाव्यांच्या खुणा शोधत असतो. अखेरीस एखाद्या सकाळी सोबतचा लहान मासा फाटलेल्या परांनी कोपऱ्यात पडलेला आढळतो, आणि मग ट्रिगरफिशवर फिर्याद गुदरली जाते.

या फिर्यादीची दुसरी बाजू पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फार चांगल्या प्रकारे अभ्यासली गेली आहे. केनियाच्या किनाऱ्यालगत प्रवाळांच्या रांगांमागे उथळ पाण्याची खाजणे आहेत. मालिंदी व वाटामू येथे 1968 पासून सागरी उद्याने असून तेथे मासेमारीस बंदी आहे. अन्यत्र पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालत आलेली आहे. टिम मॅक्लानाहन या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यासह या दोन प्रकारच्या प्रवाळभित्तींची तुलना करून 1990 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते मननीय आहेत. संरक्षण नसलेल्या भित्तींवर सी-अर्चिनांची दाटी संरक्षित भित्तींच्या शंभरपटीहून अधिक होती, आणि तेथे अर्चिन भक्षकाच्या तोंडी पडण्याचे प्रमाण चौपटीने कमी होते. अर्चिन खडकावरचे शेवाळ खरवडताना प्रवाळाचा चुनाही झिजवतात; त्यांची संख्या अशी बेसुमार झाली म्हणजे प्रवाळ जितके बांधतात त्याहून अधिक कुरतडले जाते आणि भित्ती खंगत जाते. आणि अर्चिनांना आवर घालणारा प्रमुख भक्षक कोण, तर तोच नारिंगी रेषांचा बालिस्टापस, ज्याचा घरगुती टाक्यांत सर्वांत अधिक बदलौकिक आहे. आमिषावर निःशंकपणे तुटून पडण्याच्या त्याच्या स्वभावामुळे तो गळाला व सापळ्याला सहज सापडतो, म्हणून मासेमारी वाढली की तो लवकर नाहीसा होतो. आणि नवे उद्यान स्थापून बंदोबस्त केला तरी तो फार सावकाश परततो.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. अर्चिन हा प्रवाळाचा जन्मजात वैरी आहे, असा अर्थ यातून कोणी काढू नये. कॅरिबियन समुद्रात 1983-84 साली एका रोगाने डायाडेमा अर्चिन बहुसंख्येने मेले, तेव्हा शेवाळ खाणारा कोणी उरला नाही आणि तेथील भित्तींवर शेवाळाचे आच्छादन पसरून प्रवाळाची हानीच झाली. अर्चिन हवेत, आणि त्यांना मर्यादेत ठेवणाराही हवा. हे प्रमाण समुद्राने दीर्घ काळात ठरविले आहे. त्यात ट्रिगरफिशच्या वाट्याला जे काम आले ते करण्यासाठी कठीण कवच फोडणारा जबडा, खडक उलथण्याचे बळ, आणि कोणालाही न भिण्याची वृत्ती या तिन्ही गोष्टी आवश्यक होत्या. ज्या गुणांवर भित्तीचे आरोग्य अवलंबून आहे त्याच गुणांना काचेच्या आत आपण गुन्हा म्हणतो, हे मला अन्यायाचे वाटते.

त्याच्या भांडखोरपणाचीही एक रीत आहे, आणि ती समजून घेतल्यावाचून टाकीतील अनर्थाचे कारण उमगत नाही. टायटन ट्रिगरची मादी वाळूत खळगा करून अंडी घालते व त्यांवर पहारा ठेवते. तेवढ्या काळात तिच्या हद्दीत शिरणाऱ्या पाणबुड्यालाही ती चावून पिटाळते. ही हद्द घरट्यापासून वर जाताना रुंदावत जाते, म्हणून अनुभवी पाणबुडे वर न जाता आडवे पोहून बाहेर पडतात. बाहेर पडताच ती मागे फिरते. समुद्रातील पाठलाग, मग तो अंड्यांसाठी असो, कपारीसाठी असो वा भक्ष्यासाठी, हद्दीपाशी संपतो. पळणाऱ्याला पळून जाण्यास मुलूख असतो आणि पिटाळणाऱ्याला विजय मिळताच थांबण्याची मुभा असते. टाकीत हद्दीबाहेरची जागाच नसते. पिटाळलेला मासा काचेला धडकून पुन्हा समोर येतो, पुन्हा समोर आला म्हणून पुन्हा पिटाळला जातो, आणि जो कज्जा समुद्रात क्षणार्धात निकालात निघाला असता तो येथे दिवसामागून दिवस चालून त्यातील दुर्बळ पक्षाच्या मरणानेच मिटतो. या मरणात वार करणाऱ्या माशाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्या चार काचांचा भाग असतो.

माझ्या मताला अनुभवी छांदिष्टांकडून जो विरोध होईल तो मी जाणतो. कोणी म्हणेल की आपल्या टाकीत ट्रिगरफिश व प्रवाळ पाच वर्षे सुखाने राहत आहेत. हे असत्य नाही. या कुळातही स्वभावभेद आहेत. झँथिक्थिस वंशातील निळ्या गळ्याचा ट्रिगर आणि मेलिक्थिस वंशातील काही जाती मुख्यतः पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर किंवा शेवाळावर जगतात, त्यांना खडक उलथण्याचे प्रयोजन पडत नाही, आणि टाकी खरोखर मोठी असेल, मासा सर्वांच्या शेवटी सोडला असेल व त्याला दिवसातून अनेकदा खाऊ घालण्याची शिस्त असेल, तर अशा जाती प्रवाळासोबत ठेवण्यास माझी हरकत नाही, फक्त कोळंब्यांची आशा सोडावी. लाल दातांचा ओडोनस नायजर हाही असाच प्लवकभक्षी. तो दुकानात शोभेचा मासा म्हणून चांगल्या दराने विकला जातो आणि केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यांत मात्र अलीकडे विपुल सापडून मत्स्यचूर्णाच्या कारखान्यांकडे रवाना होतो. परंतु क्लाउन, टायटन, क्वीन किंवा नारिंगी रेषांचा ट्रिगर यांच्याबाबत अपवादात्मक यश हा नियम मानणे धोक्याचे आहे. ज्याला क्लाउन ट्रिगरचाच ध्यास आहे त्याने त्याच्यापुरती मोठी टाकी मांडावी, तीत केवळ खडक व वाळू ठेवावी, त्याला कवचयुक्त आहार द्यावा आणि त्याच्या सहवासाचा आनंद घ्यावा. तो मालकाला ओळखू लागतो आणि त्याचे वर्तन पाहण्यासारखे असते.

प्रवाळाच्या बाजूनेही एक गोष्ट स्मरणात ठेवणे जरूर आहे. आपल्या देशात भित्ती बांधणारे कठीण प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट आहेत; म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लक्षद्वीपच्या किंवा मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा तोडून आणणे हे वाघ मारण्याच्या पंक्तीस बसते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तो याच संपत्तीसाठी. ज्याच्या टाकीत प्रवाळ आहे त्याने तो कोठून आला याचा दाखला जवळ बाळगावा, आणि इतक्या मोलाच्या जिवावर वाळू उडविणारा मासा सोडण्यापूर्वी त्या जबाबदारीचा विचार करावा.

तूर्त एवढे झाले तरी पुष्कळ आहे की, दुकानदाराने खाऱ्या पाण्यातील प्रत्येक माशाच्या टाकीवर त्याचे शास्त्रीय नाव, पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी, त्याचा आहार आणि त्याला लागणारे किमान पाणी, एवढा मजकूर मराठीत ठळकपणे लावावा. 1951 साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हापासून जिवंत समुद्र काचेतून पाहण्याची आवड आपल्या समाजात आहे. त्या आवडीला एवढ्या माहितीची जोड मिळणे कठीण नाही, आणि मत्स्यव्यवसाय खात्याने मनावर घेतले तर एका परिपत्रकाचे ते काम आहे. ज्यांच्या टाकीत असा मासा आधीच वाढून बसला आहे त्यांनी त्याला खाडीत किंवा समुद्रात सोडून मोकळे होऊ नये, कारण बंदिस्त पाण्यातील रोग व परक्या जाती समुद्रात नेऊन टाकण्याचा तो मार्ग आहे. मोठी टाकी असलेल्या एखाद्या छांदिष्टाकडे किंवा सार्वजनिक मत्स्यालयाकडे तो सुपूर्द करावा, आणि अशी सोय करून देण्याचे काम शहरोशहरीच्या छांदिष्टांच्या मंडळांनी अंगावर घ्यावे.