अंधेरीच्या वाट्याला काय?
मेक्सिकोच्या फुटबॉल लीगमध्ये विजेता एका रात्रीत ठरत नाही. अंतिम फेरीतही दोन सामने, एक याच्या मैदानावर, एक त्याच्या, आणि शेवटी गोलांची बेरीज. डिसेंबर 2023 मध्ये क्लब अमेरिका आणि टिग्रेस आधी 1-1 वर अडले. परतीच्या सामन्यात अमेरिकानं जादा वेळेत 3-0 असा निकाल लावला. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) 2024 मध्ये ही चैन उपांत्य फेरीपुरतीच होती. 24 एप्रिल 2024 ला, उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, गोव्याच्या घरी फातोर्ड्यात मुंबई सिटी नव्वदाव्या मिनिटापर्यंत दोन गोलांनी मागे होती. मग छांगतेचा गोल, विक्रम प्रतापचा, पुन्हा छांगतेचा. गोव्याला कळेपर्यंत 3-2! पाच दिवसांनी मुंबईच्या घरी, अंधेरीत 2-0, एकूण 5-2. अंतिम सामना मात्र एकच, 4 मे रोजी, तोही मोहन बागानच्या घरी, सॉल्ट लेकवर. मुंबईनं तिथं 3-1 नं चषक उचलला, पण अंधेरीला काय मिळालं? कळंबच्या पोरानं नेरळ गाठायचं, दादरला गाडी बदलायची, रात्री परतीच्या कर्जत लोकलची धास्ती घ्यायची, आणि एवढं करून अंतिम सामना टीव्हीवर बघायचा! अंतिम फेरी दोन सामन्यांची केली तर त्यातला पहिला बहुधा अंग चोरून खेळला जातो, हे मान्य. बागान साखळीत पहिला आला म्हणून यजमानपद, हेही रास्त. पण पहिल्याला मान द्यायचाच, तर परतीचा सामना त्याच्या घरी ठेवा. मेक्सिकोत तसंच करतात.