नवीन ईव्हीची वेटिंग: कंपनीला तुम्ही उधारी दिलीय



हल्ली बॅच संपल्यावर चहाच्या वेळी मला जीएसटीपेक्षा गाडीचे प्रश्न जास्त येतात. "सर, नवीन ईव्ही बुक केलीय. शोरूमवाले दीड महिना म्हणाले होते, आता चौथा चालू आहे. थांबू का कॅन्सल करू?" विचारणाऱ्यांत किराणावाले असतात, मेडिकलवाले असतात, परवा तर एक बेकरीवाले काका होते.

थांबा किंवा कॅन्सल करा, असं मी कुणाला सांगत नाही. मी उलटा प्रश्न विचारतो. तुमच्या दुकानात कुणी उधारी मागितली तर काय करता? नाव, रक्कम आणि वायदा, तिन्ही वहीत लिहिल्याशिवाय पिशवी काउंटरवरून हलत नाही. मग हाच व्यापारी शोरूममध्ये गेल्यावर फोनवरून २१ हजार भरतो, पेढा खातो, फोटो काढतो आणि वायद्याचा कागद मागतच नाही, हे कसं काय?

बुकिंग केलं म्हणजे तुम्ही गाडी घेतलेली नाही. तुम्ही कंपनीला उधारी दिलीय. माझं म्हणणं एवढंच आहे की उधारीचे सगळे नियम तिला लावा. मर्यादा लावा, तारीख लावा, आणि तारीख उलटली की वसुलीला जा.

आता तुम्ही म्हणाल, सर, २१ हजारच तर आहेत, आणि ते परत मिळतात. बरोबर आहे. पण अडकलेले पैसे २१ हजार नसतातच. जुनी गाडी विकायची थांबलेली असते आणि तिची किंमत दर महिन्याला खाली जाते. एक्सचेंजचं कोटेशन ठरावीक दिवसांपुरतंच असतं. बँकेने लोन मंजूर करून ठेवलेलं असतं, त्या पत्रालाही मुदत असते. शिवाय बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात बहुतेक वेळा एक ओळ असते: डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू. म्हणजे थांबायचं तुम्ही, आणि थांबण्याच्या काळात भाव वाढला तर तोही द्यायचा तुम्ही. फॉर्म घरी असेल तर आज काढून वाचा.

हा प्रकार काही आपल्याकडेच होतो असं नाही. ईव्हीच्या वेटिंगची सगळ्यात मोठी गोष्ट अमेरिकेतली आहे. टेस्लाने ३१ मार्च २०१६ ला मॉडेल ३ दाखवली. किंमत सांगितली ३५ हजार डॉलर, बुकिंग हजार डॉलर. पहिल्या चोवीस तासांत १ लाख ८० हजार बुकिंग, आठवड्यात सव्वातीन लाख. पहिल्या गाड्या जुलै २०१७ मध्ये दिल्या, त्या तीस. मग जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत किती गाड्या बनल्या असतील? २६०. कंपनीने ठरवलं होतं की २०१७ संपेपर्यंत आठवड्याला ५ हजार गाड्या काढायच्या. तो आकडा गाठायला जून २०१८ ची अखेर उजाडली. इलॉन मस्कने नंतर स्वतःच मान्य केलं की कारखान्यात सगळं मशीनवर सोपवण्याचा अतिरेक झाला. शेवटी आवारात मोठा तंबू ठोकून त्यात असेंब्ली लाइन टाकली. म्हणजे उशीर खरा होता, कारणंही खरी होती. नवीन गाडी, नवीन लाइन, बॅटरी, सॉफ्टवेअर, यातली एक गोष्ट अडली तरी सगळं अडतं. कंपनी मुद्दाम छळते असं मला वाटत नाही.

पण मला रस आहे तो पुढच्या भागात. रांग लागली होती ३५ हजार डॉलरच्या गाडीसाठी. आधी बनली ती मोठ्या बॅटरीची महाग गाडी. ३५ हजारवाली गाडी विक्रीला आली २८ फेब्रुवारी २०१९ ला, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी. आणि दरम्यान काय झालं? अमेरिकेत ईव्ही घेणाऱ्याला साडेसात हजार डॉलरपर्यंतची करसवलत मिळत होती. कंपनीच्या २ लाख गाड्या विकल्या गेल्या की ती टप्प्याटप्प्याने कमी व्हायची. टेस्लाने तो आकडा २०१८ मध्ये ओलांडला आणि १ जानेवारी २०१९ पासून सवलत निम्मी झाली, ३,७५० डॉलर. जो माणूस स्वस्त गाडीसाठी सगळ्यात जास्त थांबला, त्याच्याच खिशातून ३,७५० डॉलर गेले. बुकिंगचे हजार मात्र सुरक्षित होते!

त्याच डिसेंबरमध्ये मस्कने जाहीर केलं की ज्यांना वर्षअखेरीपर्यंत डिलिव्हरी देण्याचं कंपनीने कबूल केलंय, त्यांची गाडी कंपनीमुळे चुकली तर सवलतीतला फरक कंपनी भरून देईल. नीट बघा. ज्याच्याकडे कबूल केलेली तारीख होती, त्याला दावा होता. ज्याच्याकडे फक्त रांगेतला नंबर होता, त्याला काही नाही.

भारतातूनही तेव्हा काही हौशी लोकांनी हजार-हजार डॉलर भरले होते. टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूम मुंबईत बीकेसीला उघडलं १५ जुलै २०२५ ला, आणि तिथे विकायला होती मॉडेल वाय. नऊ वर्षांत आपण दोन दुकानं उघडून एक बंद करतो.

आता आपल्या घराजवळ येऊ. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ई आणि एक्सईव्ही ९ई दाखवल्या. (६ई वरून इंडिगोशी वाद झाला आणि नाव नुसतं बीई ६ राहिलं, तो वेगळा किस्सा.) गाड्या आपल्या चाकणला बनतात. १४ फेब्रुवारी २०२५ ला बुकिंग उघडलं आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ बुकिंग. बीई ६ ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत १८ लाख ९० हजार, हीच सगळ्यांच्या डोक्यात बसली. पण डिलिव्हरीचं जाहीर झालेलं वेळापत्रक असं होतं: सगळ्यात वरचं पॅक थ्री मार्चपासून, पॅक टू जुलैपासून, आणि ते १८.९० वालं पॅक वन ऑगस्टपासून. इथे मी कंपनीच्या बाजूने बोलेन. त्यांनी हे आधी सांगितलं, पॅकनुसार महिने सांगितले. ज्याला थांबायचं नाही त्याला पहिल्या दिवशीच कळलं. मला हे आवडलं. पण क्रम ओळखा. अमेरिकेत जो होता तोच. स्वस्त किंमत तुम्हाला रांगेत आणते आणि महाग मॉडेलवाला रांगेतून आधी बाहेर पडतो. धंद्याच्या हिशोबात यात चूक काही नाही. तुम्हीही दिवाळीत मोठ्या ऑर्डरचं गिफ्ट पॅकिंग आधी करता. फक्त तुमचं बजेट जर बेस मॉडेलचं असेल, तर सेल्समनने सांगितलेल्या महिन्यांवर विसंबू नका. लाँचच्या बातमीतली किंमत आणि डिलिव्हरीच्या बातमीतला महिना एकाच मॉडेलचा आहे का, एवढं तपासा.

थांबण्याच्या काळात नियमही थांबत नाहीत. त्याच २०२५ मध्ये १० मार्चला राज्याचं बजेट आलं आणि त्यात ३० लाखांवरच्या ईव्हीला ६ टक्के मोटार वाहन कर लावायचा प्रस्ताव होता. एक्सईव्ही ९ई च्या पॅक थ्रीची एक्स-शोरूम किंमत होती साडेतीस लाख! ज्याने फेब्रुवारीत शून्य टॅक्स धरून बुकिंग केलं, त्याच्यासमोर एका संध्याकाळीत १ लाख ८३ हजारांचा खर्च उभा राहिला. मार्च संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो प्रस्ताव मागे घेतल्याचं सांगितलं, म्हणून सगळे सुटले. दरवेळी सुटतीलच असं नाही.

आणि आता तो मुद्दा, जो शोरूममध्ये कुणी सांगत नाही आणि सीए बहुतेक मार्चमध्ये सांगतो. गाडी धंद्याच्या नावावर आणि धंद्यासाठी घेत असाल तर आयकरात घसारा मिळतो. साध्या पेट्रोल-डिझेल कारला १५ टक्के, इलेक्ट्रिकला ४० टक्के. पण आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर त्या वर्षी निम्माच घसारा. कॅलेंडर घेऊन मोजा, ती रेषा येते ३ ऑक्टोबरला. समजा गाडी २० लाखांची. सप्टेंबरमध्ये हातात आली तर पहिल्या वर्षी ८ लाख घसारा. दसरा उशिरा आहे, मुहूर्तावर देतो, असं म्हणत शोरूमवाल्याने ऑक्टोबरच्या मध्यावर दिली तर ४ लाख. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर त्या वर्षीचा टॅक्स १ लाख २० हजारांनी जास्त, वर सेस. हा पैसा बुडत नाही, उरलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळत राहतो. पण मार्चमध्ये सव्वा लाख खिशातून जाणं आणि पुढच्या वर्षी हळूहळू परत येणं यातला फरक दुकानदाराला समजावून सांगायची गरज नाही. घरगुती वापर किती, धंद्याचा किती, हे सीएशी आधी बोला. कारवरच्या जीएसटीचं क्रेडिट आपल्यासारख्या दुकानदारांना मिळत नाही, तेही गृहीत धरू नका.

म्हणून माझा सल्ला असा की बुकिंगच्या दिवशी कंपनीची तारीख विचाराच, पण स्वतःची तारीख वेगळी ठरवा. ती तारीख तुमच्या धंद्यातून आली पाहिजे. ३ ऑक्टोबर असेल, लोनच्या पत्राची मुदत असेल, जुन्या गाडीचा इन्शुरन्स संपायचा दिवस असेल. तोपर्यंत चेसिस नंबर अलॉट झाला नाही तर दुसरा पर्याय उघडायचा. चेसिस नंबर हा शब्द लक्षात ठेवा. "गाडी निघालीय", "पुढच्या लॉटमध्ये तुमचीच आहे", या गप्पा झाल्या. नंबर मिळाला म्हणजे तुमच्या नावाची गाडी खरोखर अस्तित्वात आहे. तो मिळेपर्यंत पूर्ण पेमेंट करू नका, इन्शुरन्सचा चेक देऊ नका आणि जुनी गाडी तर अजिबात सोडू नका. आमच्या बॅचमधल्या एका दादांनी घाईने जुनी व्हॅन दिली आणि दोन महिने माल भाड्याच्या टेम्पोने आणला. त्या टेम्पोचं भाडं बुकिंगच्या रकमेच्या दुप्पट झालं.

तोवर एक काम मात्र करून घ्या. घरी किंवा दुकानात चार्जर बसवायचा असेल तर लाइट बिलावरचा मंजूर भार बघा. बहुतेक घरांत दोन-तीन किलोवॉट असतो आणि नव्या गाड्यांचा वॉल चार्जर ७.२ किंवा ११ किलोवॉटचा येतो. भार वाढवायचा अर्ज, वायरिंग, अर्थिंग, सोसायटीत असाल तर एनओसी, याला वेळ लागतो. गाडी दारात आणि चार्जरला कनेक्शन नाही, अशी अवस्था मी पाहिलीय.

बुकिंगच्या आकड्यांवर टाळ्या वाजवण्याबद्दलही बोलतो, कारण आपले बरेच लोक त्यातून चुकीचा धडा घेतात. "बघा सर, इतकी वेटिंग म्हणजे काय ब्रँड आहे!" अहो, वेटिंग म्हणजे माल नाही. माझं सांगलीत घरगुती उपकरणांचं दुकान आहे. मे महिन्यात कूलर संपतात आणि लोक ॲडव्हान्स ठेवून जातात. तो ॲडव्हान्स मी विक्रीत कधीच धरत नाही, तो माझ्यावरचा बोजा असतो. पावतीवर तारीख लिहून देतो, आणि गाडी कोल्हापूरला अडकली तर तारखेच्या आदल्या दिवशी मीच फोन करतो. गिऱ्हाईक चिडतं, काही जण पैसे परत नेतात, नेऊ देत. पण "उद्या बघू" म्हणत आठ दिवस ओढलेलं गिऱ्हाईक पुढच्या मे महिन्यात समोरच्या दुकानात दिसतं. शोरूमच्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, त्यालाही वरून तारीख मिळालेली नसते. पण "मलाही माहीत नाही, शुक्रवारी विचारून सांगतो" हे वाक्य त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

तुमची गाडी अडकली असेल तर फोनवर भांडू नका. शोरूमच्या मॅनेजरला लेखी पाठवा, व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर. मजकूर असा ठेवा, नाव-नंबर तुमचे टाका:

"नमस्कार. मी अमुक तारखेला अमुक मॉडेल, अमुक व्हेरियंट बुक केलं. बुकिंग क्रमांक अमुक. तेव्हा डिलिव्हरी अमुक महिन्यात सांगितली होती. कृपया तीन गोष्टी लेखी कळवा: चेसिस नंबर अलॉट झाला आहे का, नसल्यास अपेक्षित तारीख काय, आणि डिलिव्हरीपर्यंत किंमत वाढल्यास ती मला लागू होईल का. अमुक तारखेपर्यंत चेसिस नंबर न मिळाल्यास मी बुकिंग रद्द करून रक्कम परत घेईन. परताव्याला किती दिवस लागतील तेही सांगावे."